काळ्या पडद्यातले श्वास

कारागांदा शहराच्या जुन्या बाजारामागे एक चहाचं दुकान आहे. शनिवारी दुपारी तिथल्या आतल्या खोलीत आठ-दहा जण जमायचे. सगळे तिशी-चाळिशीतले, नोकरीधंद्यातले. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या ‘निळी नौका’ या कार्टून मालिकेवरून ते अजूनही भांडायचे.

नौकेत चौघं होते. कप्तान, डॉक्टरीण, यंत्रं सांभाळणारा कोझा आणि वाट दाखवणारी मुलगी झेरे. शेवटच्या भागात नौका एका काळ्या ढगात शिरते, पडदा काळा होतो आणि मालिका तिथेच संपते. देश बदलला, स्टुडिओला कुलूप लागलं, पुढचे भाग कुणी काढलेच नाहीत. चौघांचं पुढे काय झालं, यावर त्या खोलीत जितकी तोंडं तितकी मतं होती.

मला बोलावणं असायचं, कारण कझाक भाषेतल्या झेरेला आवाज माझा आहे. तेव्हा मी जेमतेम विशीतली होते. पुढे सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा सांगण्यात गेली.

“आपा, आज तरी खरं सांगा. झेरे वाचते ना?” दातांचा डॉक्टर असलेला आर्तुर दर वेळी विचारायचा.

“मला काय ठाऊक? कागदावर होतं तेवढं मी वाचलं.”

“बघा, आपा पक्क्या आहेत. आणि या रौशानला विचाराल तर सगळेच मेलेत. हिला लग्नाला न्या, ती तिथेही मयत शोधेल.”

रौशान रेल्वेत सिग्नल दुरुस्त करते. एरवी ती आर्तुरला सोडत नाही. त्या शनिवारी ती हसली नाही. तिने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला, शेवटचा भाग लावला आणि पडदा काळा झाल्यावर आवाज पूर्ण वाढवला.

खरखर होती. तिच्या खाली कुणीतरी श्वास घेत होतं.

“यात काय नवल?” मी म्हटलं. “आम्ही चौघं एकाच माइकभोवती उभे असायचो. शेवटचं वाक्य झाल्यावर कुणी हललं नाही. टेप चालू राहिली असेल. चौघांचे श्वास येणारच.”

“चार नाहीत, आपा. दोन आहेत.”

मी पुन्हा ऐकलं. दोन होते.

“आधी चार होते,” ती म्हणाली. “बाबांनी टीव्हीवरून कॅसेट भरून घेतली होती. पडदा काळा झाला की मी टीव्हीला कान लावून मोजायची. मारियाश आपा गेल्या, त्यानंतर तीनच यायला लागले. मला वाटलं, कॅसेट खराब झाली. या हिवाळ्यात ओराल आगा गेले.”

मारियाश डॉक्टरिणीचा आवाज, ओराल कोझाचा.

“टेप झिजते गं,” मी म्हटलं.

“ही टेप नाही, आपा,” आर्तुर हळूच म्हणाला. “माझ्या मावसभावाने जर्मनीला जाताना डिस्क करून नेली होती. त्याच्याकडून मागवली. त्यातही दोनच.”

समोवारजवळच्या बशीतले तळलेले गोळे, बाउरसाक, कुणी उचलले नाहीत. त्या दोन श्वासांतला एक सोडताना शेवटी बारीक शीळ वाजत होती. ती मला ओळखीची होती. कप्तानाचा आवाज देणारा साइलाउबेक सिगारेटी ओढायचा, आणि कित्येक महिने तो माझ्या कानापाशी उभा होता.

तो तेमिरतौला मुलीकडे राहत होता. रौशान आणि मी दुपारच्या बसने गेलो. तो खिडकीपाशी बसला होता, पायावर घोंगडी, बाहेर कारखान्याचा धूर.

“आली का आमची झेरे! म्हातारी झालीस की गं पोरी.”

“तुम्ही कुठे तरुण राहिलात, आगा?”

तो पोटभर हसला. तब्येत ठीक दिसत होती. मुलीने दुधाचा चहा आणला. आम्ही काय ऐकवतोय ते त्याला सांगितलं नव्हतं. म्हटलं, जुनी आठवण आहे, ऐका. इअरफोनचं एक टोक त्याच्या कानात घातलं, दुसरं माझ्या. नंतर माझं रौशानने घेतलं.

आम्हा दोघींनाही दोन ऐकू आले. शीळ स्पष्ट होती.

साइलाउबेक डोळे मिटून ऐकत होता.

“तुझाच आहे हा,” तो म्हणाला. “तेव्हाही असाच घ्यायचीस, घाबरल्यासारखा.”

“आणि दुसरा, आगा?”

“दुसरा कुठला? एकच तर आहे.”

रौशानने इअरफोन काढून घेतला आणि ती वायर गुंडाळत बसली. मी साखर हवी का विचारलं. निघताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि कप्तानाच्या भारदस्त आवाजात म्हणाला, “झेरे, वाट तू बघ आता.” हे वाक्य मालिकेत कुठेच नाही.

त्याच आठवड्यात तो गेला. दुपारी झोपला, उठला नाही. वय झालं होतं, हृदय दुबळं होतं. यात न समजण्यासारखं काही नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं.

सातव्याचं जेवण आटोपून मंडळी दुकानात जमली. लॅपटॉपला कुणी हात लावेना. शेवटी आर्तुरनेच लावला.

एकच होता.

“म्हणजे झेरे वाचते,” मागून कुणीतरी पुटपुटलं.

इतक्या वर्षांचा वाद मिटला होता, पण कुणी टाळी वाजवली नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग आपापल्या कपात. रौशान रडत होती.

“अगं, मी बसलेय ना समोर,” मी म्हटलं.

आर्तुरकडून मी ती डिस्क मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी लावली. टेबलावर ऊन होतं. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी धुण्याचं यंत्र घरघरत होतं. मला एकच गोष्ट पडताळून पाहायची होती.

पडदा काळा झाला. मी माझा श्वास रोखून धरला.

तिकडचा चालू राहिला. संथ, सारखा.

छातीत दुखायला लागेपर्यंत मी थांबले. तो चालूच होता. म्हणजे ते नुसतं ध्वनिमुद्रण होतं, फार जुनं, आणि त्याचा माझ्याशी काही संबंध नव्हता. मी मोठ्याने श्वास सोडला. एकटीच हसले.

तिकडचा श्वास थांबला.

भाग संपला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पुढे सरकत होते. खरखर तशीच होती.

माणूस कान देऊन काही ऐकत असताना श्वास रोखतो, तसा तो थांबला होता.