ओली गाठ

लोखंडी हात परत न्यायला भोजराज सकाळच्या एसटीनं पवनीत उतरला. साल चौऱ्याऐंशी. तो नागपूरच्या कॉलेजात यंत्रं शिकवायचा आणि तो हात त्यानंच बनवला होता. महिनाभर तपासून पाहायला मामाच्या मागाला जोडून दिलेला. आता कॉलेजला दाखवायचा होता.

मामा सोमाजी, पिढीजात विणकर. मंदीच्या साली तुमसरला राइस मिलमध्ये कामाला गेला आणि उजवा हात यंत्रात देऊन आला. तरी माग थांबला नाही. बायको रंभाबाई उजवीकडे बसून आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची दोरी ओढायची. तिला कधी 'ओढ' म्हणावं लागलं नाही. त्याच्या मनात येई आणि दोरी ओढली जाई. धागा तुटला की ती आपणच थांबे, टोक जिभेवर ओलं करी, गाठ मारी. पौषात ती गेली. मागावर लेकीच्या लग्नाचं लुगडं अर्धं राहिलं.

त्या लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, रंभाबाईनंच लावलेला. सोमाजीला ते याच मागावर पुरं करायचं होतं. दुसऱ्याच्या मागावर नाही.

म्हणून त्यानं कपाळाला त्या लोखंडी हाताचा पट्टा बांधून घेतला. पट्ट्यात चांदीच्या टिकल्या, त्यांतून तारा, तारा डब्यात, डब्यातून खांबाला ठोकलेल्या हातात. मनात 'ओढ' म्हटलं की हात दोरी ओढे. धागा तुटला तरी ओढतच राही. मग सोमाजी शिवी देई, पट्टा काढी आणि लेकीला, रत्नाला, गाठ मारायला हाक देई.

"हात हाय, डोस्कं नाही," भोजराजनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "तुमचं डोस्कं म्हणते तेवढंच करते, मामाजी."

"मंग माह्याच डोस्क्यावर चालू दे," सोमाजी म्हणाला होता. "तुह्यावर नोको."

त्या सकाळी वीतभर लुगडं बाकी होतं. भोजराजला बाजेवर बसवून सोमाजी मागाच्या खड्ड्यात उतरला. धोटा खट इकडे, खट तिकडे. मग हात थांबला.

सोमाजीनं मनात म्हटलं, ओढ. हात हलला नाही. भोजराजनं तारा पाहिल्या, डबा पाहिला, पट्टा स्वतःच्या कपाळाला लावला. हातानं मुकाट्यानं दोरी ओढली. पट्टा पुन्हा सोमाजीला बांधला. हात थांबलेलाच.

तेव्हा भोजराजला दिसलं. अगदी उजव्या काठाला, मागाच्या फणीमागं, एक धागा तुटला होता.

"तुमच्या डोळ्यानं पाह्यलं असन, मामाजी. आपल्याले कळायच्या आंधी डोस्क्याले कळते."

"त्या बाजूच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय," सोमाजी म्हणाला. "मले तिकडचं काईच दिसत नाही."

रत्ना नदीवर धुणं घेऊन गेली होती, ती येईपर्यंत थांबणं भाग होतं. पट्टा खुंटीला अडकवून दोघं बाहेर दारातल्या ओट्यावर चहा प्यायला बसले. घराला दार एकच, त्यांच्या पाठीशी. आत कोणी गेलं नाही. आत आवाजही झाला नाही. फक्त सुताला लावायच्या खळीचा वास आला... ताज्या खळीचा. रंभाबाई गेल्यापासून घरात खळ शिजली नव्हती.

परत आले तर धागा जोडलेला होता.

सोमाजीनं डाव्या बोटानं गाठ चाचपली. बारीक, काठाच्या आत वळवलेली. बोट त्यानं उजेडात धरलं. ओलं होतं.

भोजराजनं खांबावरच्या हाताकडं पाहिलं. लोखंडी बोटं मिटलेली, दोरी धरून. त्यांना मिटणं आणि ओढणं याखेरीज काही येत नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मामाजी... हात राहू द्या इथंच. कॉलेजले मी दुसरा बनवीन."

"काहून? भेलास?"

भोजराजनं चपला घातल्या. दुपारच्या गाडीची वाट न पाहता तो कोंढ्याच्या रस्त्यानं पायीच निघाला.

सोमाजी पुन्हा खड्ड्यात उतरला, पट्टा बांधला, लुगडं विणायला बसला. संध्याकाळपर्यंत ते पुरं झालं. मधे हात आणखी दोनदा थांबला. धागा कुठं तुटला हे त्यानं शोधलं नाही. रत्ना तोवर नदीवरून येऊन अंगणातल्या चुलीपाशी होती. तिलाही हाक दिली नाही. दोन्ही वेळा पट्टा खुंटीला लावून तो ओट्यावर जाऊन बसला, दाराकडं पाठ करून, एक विडी संपेपर्यंत.

दोन्ही वेळा गाठ ओली होती.