शिडीवरच्या माणसाचा चेहरा

दापोलीला स्टँडच्या मागे तहसीन होडेकरचं कॅसेटी उतरवायचं दुकान होतं. लोक माळ्यावरून लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी काढून आणायचे. चित्रात नुसत्या मुंग्या, नवरीचं तोंड कुठे आणि सेहरा कुठे काही कळायचं नाही. तहसीन आधी घरच्यांचे फोटो मागायची. ते मशीनला दाखवायचे, मग कॅसेट लावायची. मशीन चेहरे ओळखायचं आणि जिथे चित्र खराब झालेलं असेल तिथे चेहरा भरायचं. सगळे त्याला भरणी म्हणायचे. भरणी झाली की गेलेले काका असे टवटवीत दिसायचे की घरची माणसं स्क्रीनला हात लावून बघायची. तक्रार कोणाचीच नव्हती.

एक दिवस हर्णैचा लियाकत मुकादम टेप घेऊन आला. त्याचा वारलेला बाप खलाशी, सगळी उमर फ्रान्समधल्या मार्सेलिस बंदरात काढलेली. तिथल्या टीव्हीवर एक जुना फ्रेंच माहितीपट लागला होता, वीसेक मिनिटांचा, बंदरावर माल उतरवणाऱ्या माणसांचा. तो त्याने टेप करून ठेवला होता. त्यात एक माणूस पाठीवर पोतं घेऊन जहाजाची शिडी उतरतो आणि मध्येच मान वळवून बघतो. लियाकत म्हणाला, बाप दरवेळी तिथेच टेप थांबवायचा आणि सांगायचा की हा आपल्या हर्णैचा फकीरमहंमद, झुलेखाचा बाप. चेहरा मात्र लियाकतला काही आठवत नव्हता. लहान होता, त्याला कार्टून बघायचं असायचं.

झुलेखा म्हणजे तहसीनच्या बापाची चुलत बहीण. अख्खी आळी तिला फुफी म्हणते. बाप बोटीवर गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. तो परत आला नाही, मेल्याची खबरही आली नाही. घरात त्याचा एक फोटो नाही. आता फुफीने ऐंशी ओलांडली होती, आणि बाप कसा दिसायचा हे जिला विचारावं अशी एक व्यक्ती गावात उरली नव्हती.

टेपला बुरशी लागलेली होती. असली टेप एकदाच चालते, चालता चालता तिचा लेप खरवडून निघतो आणि मागे नुसती प्लास्टिकची पट्टी राहते. तहसीनला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तिने टेप हलक्या हाताने पुसली, उबेत ठेवून वाळवली, मशीनचं टेप वाचणारं डोकं दोनदा साफ केलं. मग फुफीच्या घरचे सगळे फोटो मशीनला दाखवले, प्रत्येक कॅसेटीला दाखवायची तसेच, आणि फुफीला नि लियाकतला समोर बसवून टेप लावली.

मशीन मूळ चित्रही वेगळं ठेवू शकायचं. पण ते जागा खातं म्हणून तिने ते कधीच बंद करून टाकलं होतं. लग्नाचं मुंग्यांचं चित्र मागतो कोण?

शिडीवरचा माणूस वळला. चेहरा लख्ख. फुफी खुर्चीतून उठली, स्क्रीनजवळ गेली आणि म्हणाली, "माझा अन्वर गो. अगदी माझा अन्वर."

अन्वर तिचा मुलगा, आखातात अपघातात गेलेला. नातू आजोबावर जाणारच, लियाकत म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. तहसीननेही पुसले. फुफी चेहऱ्याची प्रिंट घेऊन घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत आळीतल्या बायका बघून गेल्या.

तहसीन दुकानात ते चित्र पुन्हा पुन्हा बघत बसली. काहीतरी खुपत होतं. मग दिसलं. डाव्या भुवईत चीर होती. अन्वरभाई लहानपणी सायकलवरून पडला होता, त्याची.

नाक आजोबाचं येईल. टाके कसे येतील?

तिने मशीनवर इतक्या जोरात हात मारला की वरचा चहा सांडला. शिवी मशीनला दिली, पण हासडायची होती स्वतःला. टेप काढून उजेडात धरली तर आरपार दिसत होतं.

तो माहितीपट फिल्मवेड्या लोकांत नावाजलेला होता. पुण्यातल्या अशाच लोकांचा एक ग्रुप होता, काळा रंग कोणत्या डिस्कवर जास्त काळा ह्यावर दिवसभर भांडणारे. तहसीनने त्यांच्याकडून माहितीपटाच्या दोन्ही डिस्का, जुनी डीव्हीडी आणि नवी ब्लू-रे, मागवल्या आणि दोन टीव्हींवर शेजारी शेजारी लावल्या.

नवी ब्लू-रे चकचकीत. पोत्याचा धागान् धागा दिसत होता. माणूस वळला तर कोणीतरी तिसराच, गुळगुळीत, जाहिरातीतल्यासारखा. शेवटी येणाऱ्या फ्रेंच अक्षरांचं भाषांतर करून बघितलं तेव्हा कळलं: मूळ फिल्म नेमकी ह्या भागात सडली होती, तिथे भरणी केलेली आहे. म्हणजे तिकडेही तेच. जुनी डीव्हीडी भरणी यायच्या आधीची, तिच्यात लबाडी नव्हती. पण तेव्हा टीव्ही नुकतेच रुंद झाले होते, म्हणून कंपनीने चित्र वरून आणि खालून कापून रुंद केलं होतं. शिडीवरच्या माणसाला त्यात मुंडकंच नव्हतं. पोतं होतं, कंबर होती, शिडीवर टेकलेलं एक अनवाणी पाऊल होतं. तेवढं खरं. न कापलेलं चित्र मागायला तहसीनने कंपनीला मेल टाकला, तर मेल परत आला. कंपनी बंद पडली होती.

दुसऱ्या दिवशी ती टॅब घेऊन फुफीकडे गेली. प्रिंट फ्रेममध्ये घालून भिंतीवर लागली होती. तहसीनने सगळं सांगून टाकलं, न थांबता, मान खाली घालून. तो चेहरा अन्वरभाईचा आहे, मीच मशीनला दाखवला, खरा होता तो माझ्या हाताने पुसला गेला. मग डीव्हीडीतलं पाऊल लावून टॅब पुढे केला. म्हणाली, "हे मात्र त्याचंच आहे, फुफी. ह्यात काही भरलेलं नाही."

फुफीने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग टॅब पालथा ठेवला.

"पायाचं मी काय करू? पाय कोणाचेही असतात."

"पण तो चेहरा खोटा आहे ना."

"भुवई मी पहिल्याच मिनिटाला ओळखली गो. टाके घालायला मीच नेलेलं त्याला, रडून रडून हॉस्पिटल डोक्यावर घेतलेलं."

तहसीनला राग आला. कोणाचा ते तिलाही कळेना. मग सगळ्या आळीला का सांगितलं, असं तिने विचारलं. फुफी म्हणाली, बाप बघायला ऐंशी वर्षं थांबले, आता तो बाप नव्हेच म्हणून परत कोणाला सांगत फिरू. तिचा आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नव्हतं. तहसीनला तेच सोसेना. फुफीने चांगल्या दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर मासळीवाली ओरडत गेली. फुफीने उठून दार लोटलं, पुन्हा येऊन बसली, टॅब स्वतःच सुलटा केला आणि भिंतीवरच्या चेहऱ्याकडे बोट दाखवलं.

"तो वळतो, पण दुसरीकडेच बघतो," ती म्हणाली. "तुझ्या मशीनला सांगून त्याला माझ्याकडे बघायला लावता येतं का?"

येत होतं. एक बटण दाबायचं होतं. मशीनने आजवर कोणालाच नाही म्हटलं नव्हतं. तहसीन म्हणू शकत होती, पण चेहरा पुसणाऱ्या माणसाने आता कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?