तेरवीचे फोटो

अकोल्याच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ते गेट उभं होतं. विमानतळावर ना तिकीट दाखवायचं, ना ओळखपत्र, ना रांग. कॅमेऱ्याने चेहरा ओळखला की काचेची दारं आपोआप उघडणार. तौहीदने बावीस वर्षं विमानतळांच्या सुरक्षेत काढली होती. माणसं थांबवण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याच गळ्यात कोणालाच न थांबवणारं दार बांधलं गेलं, याचं त्याला हसू यायचं.

चाचणीसाठी दोनशे चेहरे हवे होते. अचलपूरला त्याच्या वडिलांचा, नबींचा, फोटो स्टुडिओ होता. वडील गेले, स्टुडिओ बंद पडला, पण पासपोर्ट फोटोंचा एक निळा डबा घरी होता. प्रत्येक फोटोमागे नाव आणि गाव. एवढं व्यवस्थित काम पाहून तौहीद खूश झाला. त्याच्या हाताखालच्या इंजिनिअर मुलीने, चारुताने, एका दिवसात सगळे फोटो यंत्रात चढवले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दारं उघडली. समोर कोणी नव्हतं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: पुंजाराम, भातकुली. पुढे जा.

"सर, कोणी उभं होतं काय इथं?"

"ऊन पडलं असंल कॅमेऱ्यावर."

मग मैनाबाई गेली. मग सूर्यभान. माणूस पार होईस्तोवर दारं उघडी राहत आणि मिटत; म्हाताऱ्यांसाठी जरा जास्त वेळ. चारुताने तारा तपासल्या, कॅमेरा बदलला, शेवटी वैतागून त्यावर रुमाल बांधला. रुमाल बांधलेला असतानाच खुशालराव गेले.

रविवारी तौहीदने घरी जाऊन आईला विचारलं. आयशाबी मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"निळा डबा नेला तू? बेटा, ते तेरवीचे फोटो होते."

कपाशीने घरंच्या घरं बुडवली, त्या वर्षांतली गोष्ट. गेलेल्या माणसाचा असेल तो छोटा फोटो लोक मोठा करायला देत, तेरवीला हार घालायला. छोटा फोटो न्यायला कोणी परत येत नसे. नबी तो डब्यात जपून ठेवत. खेड्याखेड्यांतून हे फोटो गोळा करायचं काम तौहीदच्या धाकट्या भावाचं, अरीबचं. एकोणीस वर्षांपूर्वी तो असाच निघाला. मोटारसायकल चांदूर रेल्वेच्या स्टेशनबाहेर रुळांजवळ सापडली, अरीब सापडला नाही. रेल्वेत बसून कुठे गेला असेल, या आशेवर घरात त्याचा फातिहा, गेलेल्यांसाठीची दुआ, कधी झाला नाही.

आयशाबीने पदराला हात पुसले आणि गादीखालून अरीबचा फोटो काढला.

"याले टाक त्यात."

"अम्मी, काहीतरीच काय बोलून राहिली?"

"दार उघडलं तं मी फातिहा पढतो. नाई उघडलं तं वाट पायतो. एक काई तरी कळू दे मले."

तौहीदने नाही म्हणायला हवं होतं. त्याने फोटो खिशात घातला.

आठ दिवसांत डब्यातले सगळे गेले. यादीत एकच नाव उरलं. त्या दिवशी तौहीद संध्याकाळपर्यंत गेटसमोर बसून राहिला. दार हललं नाही. तो लाजबिज सोडून चारुतासमोर रडला आणि त्याने घरी फोन केला.

"अम्मी, नाई उघडलं."

आयशाबीने शिरा केला, मोहल्लाभर वाटला. माहा अरीब हाय, असं ती दारोदार सांगत सुटली.

सोमवारी चारुता नोंदींचे कागद घेऊन आली. तिला बसवेना.

"सर, दार उघडलं नाई, पण रोज दुपारी कोणी तरी येऊन राहिलं. यंत्र परत पाठवते."

तौहीदने वाचलं. अरीब, अचलपूर. चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा. एका दुपारी चाळीस वेळा. दुसऱ्या दुपारी साठ वेळा.

फोन वाजला. आयशाबी विचारत होती, अरीबसाठी वरची खोली साफ करून घेऊ का.

"घे," तौहीद म्हणाला.

गेटवर नकाराचा लाल दिवा लागला.

चारुताने पडद्यावर चेहऱ्याची जुळणी उघडली. कपाळ, डोळे, नाक, जबडा: सापडले नाहीत.

फक्त डावा कान जुळत होता.