काचेच्या आतला वाचक

मुलुंड पूर्वेला आमच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात भित्तिपत्रकाची सागवानी पेटी होती. भिंतीला पक्की ठोकलेली, पुढं काचेचं दार, दाराला पितळी कुलूप. किल्ली एकच आणि ती चिटणीस विद्याधरकाकांच्या खिशात. सभासदांनी दिलेल्या कथा-चित्रांतून काका चार-पाच निवडत, ड्रॉइंग पेपरवर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत आणि पेटीत टाचण्यांनी लावत. दिवाळीला वाचनालयाचा छोटा छापील अंक निघे. भित्तिपत्रकातली एकच कथा त्यात जाई.

ती कोणती, हे ठरवायची काकांची पद्धत साधी होती.

"परीक्षक नेमले की भांडणं," ते म्हणत. "मी काच बघतो. लोक वाचायला वाकतात, नाक लावतात, बोटं लावतात. जिथं काच मळते, ती कथा चालते."

मी एका दैनिकात उपसंपादक. दिवसभर दुसऱ्यांच्या बातम्या कापायच्या, मथळे द्यायचे. खाली माझं नाव कधीच नसे. शहाऐंशीच्या सप्टेंबरात माझी एक कथा पेटीत लागली, तेव्हा छापील अंकात आपलं नाव येणार याची मला जवळजवळ खात्री होती. त्या कथेवर मी वर्षभर काम केलं होतं.

माझ्या कथेशेजारी सुलक्षणाची कथा होती. सुलक्षणा आमच्याच बिल्डिंगमधली, माझ्याबरोबर वाढलेली, घाटकोपरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच कथा लिहिली होती. एका ऑपरेटरला रोज एक फोन येतो. पलीकडचा माणूस बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो. ती त्याला घरच्या गोष्टी सांगत बसते. एवढंच. तिची वाक्यं मीच दुरुस्त करून दिली होती. बारा ठिकाणी लाल खुणा केल्या होत्या.

आठवड्यातच तिच्या कथेपुढच्या काचेवर हाताच्या पंज्याएवढा धुरकट डाग पडला. माझ्या कथेपुढं काच लख्ख होती.

"चंदू, तुझ्यासमोर आरसाच झालाय रे," सुलक्षणा म्हणाली. "भांग पाडून घे."

काका हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीला निघण्याआधी मी वाचनालयात गेलो. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मिठागरांकडून वारा येत होता. मी रुमाल काढला आणि तिच्या कथेपुढची काच पुसली. बोटांचे ठसे गेले. डाग गेला नाही. काचेवर हाः करून पुन्हा घासलं. माझी वाफ निघून गेली, मूळ डाग तसाच राहिला.

तो आतून होता.

मी काकांना बोलावलं. "दमट हवा," ते म्हणाले. त्यांनी कुलूप काढलं, आतून काच पुसली, पुन्हा कुलूप लावलं. सकाळी डाग परत आलेला होता.

ऑक्टोबर लागला. पाऊस थांबला, दिवसभर कडक ऊन पडत होतं. तरी तो डाग जाईना, आणि फक्त तिच्याच कथेपुढं. मी काकांना सुचवलं, कागदांच्या जागा बदलून बघू. शंका तपासून घ्यायची ही माझी धंद्याची सवय. त्यांनी तिची कथा वर उजव्या कोपऱ्यात लावली, माझी खाली मधोमध. त्या वरच्या कोपऱ्याशी तोंड न्यायला मलासुद्धा चवड्यांवर उभं राहावं लागलं असतं.

सकाळी डाग वरच्या उजव्या कोपऱ्यात होता.

मी स्टूल घेऊन जवळून पाहिलं. डागाची कड आकसत होती, पुन्हा पसरत होती. थोडं थांबून पुन्हा. झोपलेल्या माणसाचा श्वास असा नसतो. तो मध्येच अडकत होता, एखाद्या वाक्यापाशी अडकावा तसा.

मला भीती वाटायला हवी होती. मला वाटला मत्सर. जो कोणी असेल तो असो, तो तिचीच कथा वाचत होता. माझ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सुलक्षणा घाईघाईनं वाचनालयात आली.

"काका, माझी कथा काढा."

"अगं, अंकात तीच जायची आहे."

"नको. चंदूची छापा."

मी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेलो. "उपकार करतेस काय माझ्यावर?"

"गप रे." तिचा चेहरा उतरला होता. "घरी माझ्या टेबलावर काच आहे ना? मी लिहायला बसले की काचेखाली वाफ धरते. कागदाच्या बाजूला. मी खाली लिहीत गेले की तीपण खाली येते. वाक्य अर्धं सोडलं की तिथंच थांबते. दोन दिवस थांबली, चंदू. वाट बघत."

"मग?"

"मग काय? काच भंगारात दिली. लिहिणं बंद." ती पायऱ्या उतरली. खालून म्हणाली, "तुला तरी कशाला हवेत रे असले वाचक?"

मला हवे होते.

काकांनी तिची कथा काढली. पेटी बंद करून ते आत गेले. मी काचेजवळ तोंड नेलं.

"आता माझी वाच," मी म्हणालो.

सकाळी माझ्या कथेपुढं डाग होता.

मी तिथं बराच वेळ उभा राहिलो. तो कुठं अडकतो, कुठं भरभर पुढं जातो, ते बघत. जगात इतकं लक्ष देऊन मला कुणी वाचलं नव्हतं. दिवाळीत कथा छापून आली, खाली माझं नाव होतं. सुलक्षणानं अंक उलटसुलट करून पाहिला. "झकास," एवढंच म्हणाली. माझ्या नजरेला नजर दिली नाही.

ऑफिसात माझ्या टेबलावर काच आहे. खाली ड्यूटीचा तक्ता, फोन नंबर, एक जुनं कॅलेंडर. अंक निघाल्यानंतरच्या सोमवारी तक्त्याचा एक कोपरा धुरकट दिसायला लागला. मी तेव्हा पाणीकपातीच्या बातमीला मथळा देत होतो. त्या बातमीवर नाव नव्हतं. तरी मथळा माझा आहे, हे त्याला कळलं होतं.

तेव्हापासून तो रोज असतो.

आज शिफ्टला वेळ आहे, म्हणून हे लिहीत बसलोय. डाग कागदाच्या डाव्या कडेला आहे, मी लिहितोय त्या ओळीच्या बरोबर समोर. मघाशी वाक्य अर्धं टाकून चहाला गेलो. परत आलो तर तिथंच थांबलेला.

आता मात्र तो थांबत नाहीये.

मी अजून याच ओळीवर आहे. तो खाली गेलाय, कोऱ्या कागदाच्या कडेनं, मी अजून न लिहिलेली एकेक ओळ वाचत, सावकाश.

मध्ये एका ठिकाणी अडकला. बराच वेळ.

मग पानाच्या तळाशी पोचला, आणि काच स्वच्छ झाली.