उसनं यीस्ट

बेकरीतलं यीस्ट ऐन सकाळी दगा देऊन बसलं, म्हणून बेकरीवाल्याची लेक वाटी घेऊन समोरच्या बिअरच्या कारखान्यात गेली. तो कारखाना आता नाही. पण ती सकाळ आठवली की तिला आजही हसू येतं. उसनं मागायला गेली, नि मनच देऊन आली!

दारात भेटला मालकांचा पुतण्या. कोपरापर्यंत ओला, गालाला भुसा चिकटलेला. काकांनी त्याला बजावलं होतं, महिनाभर बघतो, एक जरी पिंप वाया गेलं तर गाशा गुंडाळायचा.

"यीस्ट मिळेल?"

"मिळेल की. पण उद्याही यावं लागेल... रोज थोडं थोडंच देतो."

ती रोज गेली. बार्ली भिजवून मोड कसे आणतात, मग ते वाळवून, भरडून गरम पाण्यात टाकले की पाणी कसं गोड होतं, सगळं त्यानं दाखवलं. त्या गोड पाण्यात तो हॉप्सची कडू फुलं घालून उकळायचा.

"मुद्दाम कडू करता?"

"नुसत्या गोडाचा कंटाळा येतो. तुम्ही नाही का, मधूनच फणकारता?"

"मी?" ती फणकारलीच.

मग ते पाणी चांगलं निववायचं, आणि शेवटी यीस्ट. ते साखर खातं, तिची दारू करतं, बुडबुडे सोडतं. एका दुपारी ती केसांतलं पीठ झटकत उभी होती, आणि त्यानं यीस्ट ओतलं... पाणी अजून कढत असताना.

दोन दिवस झाले तरी पिंपात एक बुडबुडा नाही. काकांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कढत पाण्यात टाकून मारलंस की रे सगळं यीस्ट! थर्मामीटर बिघडला होता का?"

काकांनीच पळवाट काढून दिली होती. वाटी धरून उभ्या असलेल्या तिचा जीव टांगणीला लागला. हो म्हण... हो म्हण ना!

"थर्मामीटर ठणठणीत आहे, काका. मीच बघितला नाही. मी — हिच्याकडे बघत होतो."

तिचे कान तापले. काका तिच्याकडे वळले. "आणि तुमचं यीस्ट अजून रुळावर येईना होय गं?"

"आलं," ती पुटपुटली. "पहिल्याच आठवड्यात."

काकांनी कपाळावर हात मारला. "मग ह्याला घरी धाडून उपयोग काय? तू तिकडेही वाटी घेऊन जाशील!"

ती गेली असती. आजही तिला त्यात तिळमात्र शंका नाही.