न दिलेल्या भेटी

घ्या, चहा घ्या. सांगतो सगळं, पण मध्येच "भास झाला असेल" म्हणू नका. ते मी स्वतःला पुष्कळदा म्हणून बसलोय.

मी शहरातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचा पाळक. घरोघर जाऊन लोकांची दुःखं ऐकायची, प्रार्थना करायची, भेटवहीत नोंद करायची, हे माझं काम. लोक मला सगळं सांगतात. मी कुणाला सांगायचं? बायको अमृता गेल्यापासून मला प्रार्थनाच येत नव्हती. रविवारी मंडळी पांगली, की मी चर्चच्या आवारातल्या विहिरीवर जाऊन बसायचो. एक दिवस आत उतरायचं, हे ठरलं होतं. दिवस तेवढा ठरायचा होता.

चितेगावच्या चतुराबाईंकडे दर गुरुवारी माझी भेट असायची. म्हातारी एकटी राहते. नोव्हेंबरच्या एक तारखेलाच मी महिन्याच्या चारही भेटी लिहून टाकल्या. सहा, तेरा, वीस, सत्तावीस. जायचं त्राणच नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण लिहिल्या.

एकवीस तारखेला आमच्या मंडळीच्या पंचांपैकी सुरेखाताईंचा फोन आला. "पाळकसाहेब, चतुराबाई तुमचं फार कौतुक करत होत्या. एक गुरुवार चुकवत नाही म्हणे!"

म्हातारीनं मला पाठीशी घातलं, असं वाटलं. बिस्किटांचा पुडा घेतला आणि पैठण रोडनं चितेगाव गाठलं. दुपारचे तीन, ऊन लख्ख.

चतुराबाईंनी दार उघडलं आणि आधी माझे पाय पाहिले.

"वाळले का कपडे?"

"कशाचे कपडे? चतुराबाई, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात..."

"म्या कशाला खोटं बोलू? पहिल्या खेपेला अमृताबाईंचं सांगितलं. दुसऱ्या खेपेला प्रार्थना येत नाय म्हणून लेकरावानी रडलात. काल सकाळी इहिरीचं..."

विहिरीचं मी कुणापाशीच बोललो नव्हतो.

"तीनदा आलो मी?"

"चारदा..." त्यांचा आवाज बारीक झाला. "काल दिवस मावळताना पुन्हा आलात की. बोलला काहीच नाय. नुसते हितं उभे... वल्लेचिंब."

चौथी भेट सत्तावीसची होती. सत्तावीस तारीख यायला अजून सहा दिवस होते.

मी आत येऊन बसलो आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग डोक्यावर हात ठेवून माझ्यासाठी प्रार्थना केली. किती वर्षांनी कुणी माझ्यासाठी केली, देव जाणे. मी हमसून हमसून रडलो.

"पुढच्या गुरुवारी दिवसभर हितंच ऱ्हायचं," त्या म्हणाल्या. "अन् एकटं यायचं नाय."

चिकलठाण्याच्या सम्यक पाळकांना फोन लावला. बारा वर्षांची ओळख, पण "बरं आहे" यापलीकडे आम्ही कधी बोललो नव्हतो. ते सगळी कामं टाकून आले. सत्तावीसला आम्ही दिवसभर चतुराबाईंच्या घरात बसलो, पिठलं-भाकरी खाल्ली. सम्यक पाळकांनी त्यांचंही रडगाणं सांगितलं. माझ्यापेक्षा कमी नव्हतं. दिवस मावळला. काहीच झालं नाही.

पंचांना खोट्या नोंदींचं आणि विहिरीचं, दोन्ही सांगितलं. आधी झाडलं त्यांनी, मग विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. आता दर गुरुवारी आम्ही तिघं बसतो. मला झोप लागते. खरंच बरा आहे मी.

फक्त चतुराबाईंच्या दाराशी फरशीवर दोन ओली पावलं उमटलीत. त्या रोज पुसतात, तरी वाळत नाहीत. काल पुसता पुसता मला म्हणाल्या,

"साहेब, खुर्ची जरा मागं घ्या... ही पावलं दाराशी होती. आता तुमच्यापासून हातभर राह्यली."