टायवाल्या मुलाशेजारची खुर्ची

"टायवाला पोरगा दिसला की त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची नाही, ओडीलिया. कोणी बसलं नाही तर तू जाऊन बस. उगाच चौकशा करू नकोस."

फिलोमेना आत्या शाळेच्या जिमच्या दारात सामन्याची तिकिटं फाडता फाडता हे सांगायची. आत्या गेली, पण त्या शुक्रवारी दुपारी मी आत शिरले आणि तिचा आवाज अगदी कानाशी आला. बास्केटबॉलचा सामना रंगात होता. संघाच्या रांगेत शेवटून दुसऱ्या खुर्चीवर एक मुलगा टाय लावून बसला होता, आणि त्याच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती...

आमच्या शाळेचा नियम कडक. एका विषयात जरी नापास झालं, तरी आठवडाभर खेळ बंद. शुक्रवारी सर मार्क कळवतात, आणि ज्याचं नाव निघतं त्याने जर्सी उतरवून, टाय लावून, साऱ्या गावासमोर तिथे बसायचं. त्याच्या शेजारी आई बसते, बहीण बसते, कोणी ना कोणी बसतंच. पण कॅस्पर हॉफार्ट नाताळानंतर गावात आलेला. त्याच्यासाठी कोण येणार?

मी गेले. "इथे कोणी आहे?"

"होता. तुला बघून उठला."

मी बसले आणि दचकलेच. खुर्ची बर्फासारखी गार होती, आणि ओलसर.

"कोण होता?"

"तपकिरी टाय, ओले केस. माझ्यासारखाच नापास." तो हसला. "तुमच्या गावात तेवढा एकच आपणहून बोलला माझ्याशी. आता तू."

खिशातली जपमाळ मी घट्ट धरली. तपकिरी टाय कोणाचा, हे आमच्या गावात लहान पोरालाही ठाऊक आहे. लायनस बेख्टोल्ड. माझ्या जन्माआधी असाच नापास होऊन तो त्या रांगेत एकटा बसला होता. मध्यंतरात हिमवादळात निघून गेला. बर्फ वितळल्यावर सापडला तो शेतात, घराकडे पाठ करून. तेव्हापासून ती खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. ठेवली तर लायनस येऊन बसतो आणि शेजारच्याला घेऊन जातो, म्हणतात.

"काय पुटपुटतेस गं?"

"माळ जपतेय."

"माझ्यासाठी?"

"रोजच जपते. हुरळून जाऊ नकोस."

"पण आज माझं नाव घेतलंस की नाही?"

"कोणत्या विषयात उडालास?"

"रसायन."

"मग घ्यावंच लागेल," मी म्हटलं. तो इतका मोकळा हसला की कोचनी वळून डोळे वटारले.

पुढच्या आठवड्यात मी त्याला रोज चर्चच्या तळघरात शिकवलं. शेजारच्या स्वयंपाकघरात बायका ईस्टरआधीच्या उपासांचं पिठाच्या गोळ्यांचं सूप करायच्या, काचांवर वाफ धरायची, आणि कॅस्पर समीकरणं चुकवायचा.

"ऑक्सिजन कुठे गेला?"

"तू समोर बसलीस की कमीच पडतो."

"हे व्होलर सरांना लिहून दे. बघ किती मार्क देतात!"

मी खोडरबर घ्यायला हात पुढे केला. त्यानेही केला. बोटं भेटली... आणि दोघांनाही काही खोडायचं आठवेना.

गुरुवारी मात्र त्याने वही उघडलीच नाही. खिडकी जमिनीलगतची, बाहेर नुसता पांढरा उजेड. कॅस्पर तिकडेच बघत होता. मीही पाहिलं. काचेपलीकडे बूट दिसत होते. जुने, काळे, बर्फाने माखलेले. ते हलत नव्हते.

"रोज येतो," कॅस्पर हळूच म्हणाला. "मी त्याला शब्द दिलाय, ओडीलिया."

"कसला शब्द?"

"त्या शुक्रवारीच, तू यायच्या आधी. तो म्हणाला, एकट्याने वाट सापडत नाही, सोबत येशील का. मी म्हटलं, येईन. तेव्हा मला वाटलं... नाहीतरी माझं इथे कोण आहे? उद्या फेरपरीक्षेत नापास झालो, तर शनिवारी पुन्हा त्या खुर्चीशेजारी बसेन. आणि तो उठला की मीही उठेन. ते मला थांबवता येणार नाही."

"पण जायचंय कुठे त्याला?"

"घरी. नापास होऊन आईला तोंड कसं दाखवू, एवढंच म्हणतो. कोणी बोलायला बसावं म्हणून येतो, तर प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन त्याचीच जागा घेतं."

मी सुन्न झाले. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याला त्याच्या खुर्चीवरून उठवत होतो, आणि वर देवाचे आभार मानत होतो!

शुक्रवारी मी उपास पाण्यावर केला. दुपारी कॅस्पर मैदान ओलांडून धावत आला, बर्फात दोनदा घसरला.

"पास! व्होलर सरांनी चष्मा पुसून पुन्हा तपासलं!"

मी रडले. देवाचं नाव घेतलं, आणि त्याचा हात धरला. मग तो हात सोडायचं राहूनच गेलं...

शनिवारी दुपारी स्पर्धेचा सामना होता. सुरू व्हायच्या आधी तो जर्सी घालून माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"मी खेळणार, आणि तो पुन्हा वाट बघत बसणार. शब्द दिला होता गं मी."

"तो शब्द मी पाळते."

"वेडी आहेस का? तुला नेलं त्याने तर?"

"त्याची आई, बेख्टोल्ड काकू, धान्याच्या कोठारांपलीकडेच राहतात. अजून दाराला कडी घालत नाहीत. त्याला तेवढंच सांगायचंय." मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "तू माझा आहेस ना, कॅस्पर? मग तुझा शब्द माझा नाही का?"

त्याने आपला लोकरी मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला, दोनदा, आणि टोकं धरून उभा राहिला... "परत ये. मी सामना संपला तरी इथेच थांबेन."

शिट्टी वाजली. पोरं धावली. त्या दिवशी कोणी नापास नव्हतं, म्हणून शेवटच्या दोन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या. मी त्यातल्या अलीकडच्या खुर्चीवर बसले, आणि मान वळवून नीट पाहिलं. ओले केस, तपकिरी टाय. बुटांवरचा बर्फ जिमच्या त्या उकाड्यातही वितळत नव्हता. वयाने माझ्याएवढाच. खूप घाबरलेला.

"आई रागावलेली नाहीये, लायनस," मी म्हटलं. "चल, मी येते."

गर्दी ओरडली. कॅस्परने बास्केट केली असावी. मी वळले नाही, वळले असते तर पाऊल उचललं नसतं. कोट चढवला, बाजूच्या दाराशी गेले, ते ढकललं, आणि मागून येणारा बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं.